‘हलका’ आणि ‘भारी’ : अल्पमोली चाकूंच्या गुणवत्तेसंबंधी काही विचार

१

मराठीत ‘हलका’ या विशेषणाला दोन अर्थ आहेत. ज्याचे वजन थोडे तो हलका, आणि ज्याची प्रत कमी तोही हलकाच. ‘भारी’ या त्याच्या विरुद्धार्थी शब्दाची स्थितीही हीच आहे. डोक्यावरील गाठोडे भारी असते, आणि लग्नातील शालूही भारी असतो. पहिल्या ठिकाणी तो शब्द केवळ वजन सांगतो, तर दुसऱ्या ठिकाणी किंमत व गुण या दोहोंचा निर्देश एकदमच करतो. वजनाकडून किमतीकडे आणि किमतीकडून गुणाकडे असा हा अर्थाचा विस्तार आहे. ज्या समाजात सोने, धान्य आणि तांब्यापितळेची भांडी तोलून घ्यावयाची रीत होती, त्या समाजाच्या भाषेत असा विस्तार व्हावा यात नवल नाही. पितळेचे जाड पातेले हे पातळ पातेल्यापेक्षा खरोखरच अधिक टिकते व अधिक किमतीस विकले जाते.

परंतु शब्दाच्या अशा अर्थविस्तारामुळे आपल्या अपेक्षाही ठरून जातात, आणि जेथे वजन, किंमत व गुण यांचा परस्परसंबंध नसतो तेथेही तो आहे असे आपण गृहीत धरतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने फळे कापण्यासाठी बाजारातून एक घडीचा चाकू घेतला. त्याच्या मुठीच्या दोन्ही टोकांस पितळी टोप्या होत्या, मुठीवर नक्षी होती, पाते चकचकीत व जाड होते. “भारी माल आहे,” असे दुकानदाराने सांगितले, आणि वजनापुरते ते पूर्णपणे खरे होते. पंधरा दिवसांत त्याची धार गेली. दारावरून जाणाऱ्या शिकलगाराने ती दोनदा लावून दिली. तिसऱ्या वेळी त्याने धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि म्हटले, “साहेब, याला पाणीच नाही. मी घासून घासून किती घासू?” त्याच सुमारास एका सहकाऱ्यांनी परदेशातून आणलेला लाकडी मुठीचा एक साधा चाकू पाहावयास मिळाला. त्याची तेथील किंमत उपाहारगृहातील एका साध्या जेवणाइतकी होती. तो वजनाने हलका होता, दिसण्यात तर अगदीच साधा होता. पण लिंबाची साल तो कागदासारखी पातळ सोलीत असे.

हे कसे घडते? जी वस्तू थोड्या किमतीत मिळते तिच्यात इतका गुण कोठून येतो? आणि दुसरी वस्तू तितकीच किंवा अधिक किंमत घेऊनही निरुपयोगी का ठरते? या प्रश्नांचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हा विषय हाती घ्यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. तथापि शब्दांचा इतिहास हा वस्तूंच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हा विचार या शास्त्रात जुनाच आहे. रुडोल्फ मेरिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ मध्ये ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाचे नाव असलेले जर्मन नियतकालिक याच भूमिकेतून सुरू केले होते. नांगराच्या भागांची नावे ज्याला नोंदवावयाची आहेत त्याने नांगर पाहिला पाहिजे, ही त्यामागची साधी अपेक्षा होती.

प्रस्तुत विषयातील मराठी शब्दांकडे पाहिले तर दोन निरनिराळे थर आढळतात. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला आहे. हिंदीत त्याचे रूप ‘छुरी’ असे राहिले. मराठीत प्राकृतातील ‘छ’ चा ‘स’ किंवा ‘श’ झाला, जसा तो ‘मासा’ व ‘शेत’ या शब्दांत झाला आहे. ‘चाकू’ हा शब्द मात्र तुर्की-फारसी परंपरेतून आलेला आहे. ‘म्यान’, ‘पोलाद’ आणि ‘शिकलगार’ हे शब्दही फारसीच्या मार्गानेच मराठीत आले. व्यवहारात चाकू आणि सुरी यांची सरमिसळ होते. परंतु सोयीसाठी या लेखात मिटविता येणाऱ्या हत्यारास ‘चाकू’ आणि स्थिर पात्याच्या हत्यारास ‘सुरी’ असे म्हटले आहे.

आणखी दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ‘धारा’ या संस्कृत शब्दाचे ‘प्रवाह’ आणि ‘शस्त्राची कड’ असे दोन्ही अर्थ होतात, व मराठी ‘धार’ या शब्दाने ते दोन्ही जतन केले आहेत. दुसरा शब्द ‘पाणी’. लोहार पात्याला ‘पाणी देतो’ असे आपण म्हणतो तेव्हा तापलेले पोलाद एकाएकी थंड करून त्यास कठीणपणा आणण्याची क्रिया अभिप्रेत असते. शिकलगाराच्या ज्या वाक्याचा वर उल्लेख केला, त्यातील ‘पाणी’ हे हेच होय. पुढील सर्व विवेचन या एका शब्दाभोवती फिरणारे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

चाकू कापतो तो दोन कारणांनी : त्याच्या धारेचा आकार आणि त्याच्या पात्याचे पोलाद.

आकाराचा विचार प्रथम करू. पाते म्हणजे एक पाचर होय. पाचर जितकी निमुळती तितकी ती पदार्थात कमी जोराने शिरते. कडेवरची धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिच्या लगेच मागचे पाते जर जाड असेल, तर सफरचंद कापले न जाता फाटते, आणि गाजराचे तुकडे उडतात. यास्तव धारेमागची जाडी हे पात्याच्या गुणाचे एक मुख्य गमक आहे. जाड पाते हातात ‘भारी’ लागते, आणि नेमके म्हणूनच पुष्कळदा वाईट कापते. पातळ पात्यासाठी पोलाद कमी लागते, घासण्याचे श्रमही कमी लागतात. म्हणजे येथे स्वस्ताई आणि गुण या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकाच दिशेने जाणाऱ्या आहेत.

आता पोलाद. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. चाकूच्या साध्या पोलादात तो साधारणतः शेकडा अर्धा ते एक भाग असतो. असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात वा तेलात एकदम बुडविले म्हणजे त्याची अंतर्रचना बदलून ते अत्यंत कठीण होते. परंतु ते त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्यास पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत सावकाश तापवावे लागते. या दुसऱ्या तापविण्याने कठीणपणा थोडा उतरतो व चिवटपणा येतो. उष्णता कमी पडली तर पाते मऊ राहते आणि धार वळते. अधिक झाली तर पोलादाचा कण मोठा होतो व धार तुटते. कठीणपणा मोजण्यासाठी रॉकवेल मापनाचा उपयोग करतात. या मापनावर चांगल्या साध्या चाकूचे पाते बहुधा ५५ ते ६० यांच्या दरम्यान असते.

गंजरोधक पोलादात याशिवाय क्रोमियम असते. शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले, व पुढे सुऱ्याकाट्यांच्या व्यवसायात त्याचा मोठा प्रसार झाला. स्वीडनमध्ये बनणाऱ्या ‘१२सी२७’ नावाच्या प्रसिद्ध गंजरोधक पोलादात शेकडा सुमारे ०.६ कार्बन व १३.५ क्रोमियम असते. हे पोलाद काही दुर्मिळ नव्हे. पण त्याचा कण बारीक असल्याने त्याला सूक्ष्म धार चढते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. साधे कार्बनयुक्त पोलाद मुळात महाग नसते. महाग असते ती त्यावरील प्रक्रियेतील शिस्त : ठरलेली उष्णता, ठरलेला वेळ, आणि प्रत्येक पात्यास तीच वागणूक. एकच पाते तापवावयाचे तर ही शिस्त फार खर्चाची पडते. एकाच आकाराची हजारो पाती एकाच भट्टीतून जात असली म्हणजे मात्र तिचा खर्च दर पात्यामागे नगण्य होतो. अल्पमोली चाकूच्या चांगुलपणाचे हे पहिले कारण होय.

४

फ्रान्सच्या आग्नेयेस आल्प्स पर्वतात साव्हॉय हा प्रदेश आहे. तेथील सँ-झाँ-द-मोरियेन या गावाजवळच्या एका वस्तीत ओपिनेल नावाचे अवजारे घडविणारे घराणे राहत होते. कुऱ्हाडी व कोयते तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. त्या घराण्यातील जोझेफ ओपिनेल (१८७२–१९६०) या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांच्या उपयोगाचा एक घडीचा चाकू तयार केला. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा क्रमांकांची मालिका सिद्ध केली. तीतील १ व ११ हे क्रमांक पुढे बंद झाले. उरलेले आजही त्याच क्रमांकांनी ओळखले जातात. सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असून त्याची जाडी दोन मिलिमीटरांहूनही कमी असते. संपूर्ण चाकूचे वजन ५० ग्रॅमच्या आतबाहेर भरते.

या चाकूचे भाग मोजले तर ते पाचच भरतात : पाते, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडावरचे धातूचे वेढे, पाते ज्यावर फिरते तो खिळा, आणि पाते मिटू नये म्हणून वेढ्यावर फिरणारे कडे. हे कडे मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये बसविले. त्यापूर्वी भाग चारच होते. चाकूत कमान नाही, आतील पत्रे नाहीत, टोप्या नाहीत. मूठ बहुधा बीच या झाडाच्या लाकडाची असते व ती यंत्रावर कातून काढतात. मुठी मोठ्या संख्येने करण्यासाठी जोझेफ यांनी स्वतः यंत्र योजिले होते. कार्बनयुक्त पोलादाचे व गंजरोधक पोलादाचे असे दोन्ही प्रकार मिळतात. दोहोंतही पात्याच्या दोन्ही बाजू किंचित फुगीर ठेवून धारेकडे निमुळत्या केलेल्या असतात.

१९०९ मध्ये या चाकूसाठी मुकुटाखालील हात हे चिन्ह नोंदविण्यात आले. सँ-झाँ-द-मोरियेनच्या मुद्रेत बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाची तीन बोटे आहेत, त्यावरून हा हात घेतलेला आहे. मुकुट साव्हॉयच्या ड्यूक घराण्याची आठवण देतो. भाषेच्या अभ्यासकास याहून लक्षणीय वाटेल अशी गोष्ट ही की, १९८९ मध्ये ‘ओपिनेल’ हे नाव लारूस या फ्रेंच कोशात दाखल झाले. एका घराण्याचे आडनाव वस्तूचे नाव बनले, आणि तेही अत्यंत साध्या व स्वस्त वस्तूचे.

या चाकूतही उणिवा आहेत. लाकूड ओल धरते, फुगते, आणि पाते मुठीत घट्ट अडकते. साव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचे मागचे टोक टणक पृष्ठभागावर आपटतात. त्या धक्क्याने पात्याचे टोक बाहेर डोकावते व ते चिमटीत धरता येते. या युक्तीला ‘साव्हॉयी ठोका’ अशा अर्थाचे नावही पडले आहे. स्वस्ताईची किंमत येथे मोजली जाते ती सोयीत, धारेत नव्हे. हा भेद पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

५

स्थिर पात्याच्या सुरीचे उदाहरण स्वीडनमधील आहे. दालार्ना प्रांतात मोरा नावाचे गाव असून त्याच्या जवळच ऑस्टनोर ही सुऱ्या करणाऱ्या लोकांची वस्ती आहे. अमेरिकेत काही काळ राहून परतलेल्या फ्रोस्ट-एरिक एर्सोन यांनी १८९१ मध्ये तेथे लाकूड वाहून नेण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला, आणि त्याच कारखान्यातून पुढे सुऱ्यांचा व्यवसाय वाढला. १९१२ मध्ये सुरू झालेली क्राँग-योहान एरिक्सोन यांची दुसरी कार्यशाळा त्याच गावातील. या दोन्ही व्यवसायांचे २००५ मध्ये एकीकरण झाले. मोरा येथील सुरीचे जुने रूप म्हणजे तांबड्या रंगाची बर्चच्या लाकडाची मूठ. अलीकडील स्वस्त प्रकारांत ओतीव प्लॅस्टिकची मूठ व तशीच म्यान असते.

या सुरीचे वैशिष्ट्य तिच्या घासणीत आहे. पात्याच्या साधारण मध्यापासून दोन्ही बाजूंस एकेक सपाट उतार सुरू होतो व तो सरळ धारेपर्यंत जातो. बहुतेक सुऱ्यांना या उतारापुढे धारेचा आणखी एक बारीक उतार असतो. येथे तो वेगळा ठेवलेला नसतो. याचे दोन परिणाम होतात. कारखान्यात घासण्याची एक पायरी वाचते, म्हणून खर्च कमी येतो. आणि धार लावताना तो रुंद उतार दगडावर सपाट टेकविला की योग्य कोन आपोआप साधतो, त्यामुळे नवशिक्यालाही धार लावता येते. खर्च वाचविण्याची युक्ती आणि वापरणाऱ्याची सोय या दोन्ही येथे एकच आहेत. म्हणूनच सुतार, मच्छीमार, लाकूडतोडे आणि लाकूड कोरण्याचे प्राथमिक शिक्षण घेणारी मुले या सर्वांच्या हाती ती सुरी दिसते.

हिलाही मर्यादा आहेत. स्वस्त प्रकारांत पात्याचा शेपटा मुठीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. ही सुरी पहारीसारखी तरफ म्हणून वापरली तर ती तुटू शकते. परंतु सुरी ही पहार नव्हे, आणि ज्या कामासाठी ती केलेली आहे त्या कामात हा आखूड शेपटा आड येत नाही.

६

भाग जितके थोडे तितका दोषाला वाव थोडा, हे तत्त्व जपानमधील ‘हिगोनोकामी’ या चाकूत टोकास गेलेले दिसते. ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव लोहारकामाविषयी प्रसिद्ध आहे. तेथे १८९० नंतरच्या दशकात हा चाकू प्रचारात आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते, एक खिळा, एवढाच त्याचा संसार. पाते उघडे ठेवण्यासाठी कळ नसते. पात्याच्या मागे निघालेली छोटी दांडी अंगठ्याखाली दाबून धरली की ते स्थिर राहते. नाव मात्र मोठे भारदस्त आहे : ‘हिगो प्रांताचा सुभेदार’. फ्रान्समधील तिएर या सुऱ्यांच्या गावी १९२९ मध्ये निघालेला ‘दूक-दूक’ हा चाकूही अशाच दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा आहे. दोन दूरच्या देशांतील कारागीर एकाच उत्तरापाशी पोहोचले, कारण प्रश्न एकच होता : मुठीवर शक्य तितका कमी खर्च करून पाते चांगले कसे द्यावे?

हिगोनोकामीची पुढील कथा विचार करावयास लावणारी आहे. जपानी शाळकरी मुलाच्या दप्तरात तो असे व पेन्सिल त्यानेच तासली जाई. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत एका तरुणाने आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नयेत अशी मोहीम देशभर पसरली. हत्येत हा चाकू वापरलेला नव्हता. तरीही दप्तरांतून तो गेला. आज हे नाव अधिकृतपणे लावणारा एकच कारखाना मिकी येथे उरला आहे. वस्तूबरोबर पेन्सिल तासण्याचे कौशल्यही गेले, आणि धार म्हणजे काय हे बोटांना कळण्याचा एक मार्ग बंद झाला.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील उदाहरणांत काटकसर कोठे केली आहे? मुठीच्या द्रव्यात, भागांच्या संख्येत, झिलईत, शोभेत आणि नमुना वरचेवर न बदलण्यात. जो आकार शंभर वर्षे बदलला नाही त्याची यंत्रसामग्री नव्याने उभारावी लागत नाही, आणि त्यातील चुका केव्हाच दुरुस्त झालेल्या असतात. काटकसर कोठे केलेली नाही? पोलादाच्या शुद्धतेत, पाणी देण्यात आणि धारेच्या घासणीत.

प्रस्तुत लेखकाच्या ‘भारी’ चाकूत नेमके याच्या उलट घडले होते. ग्राहकास दुकानात जे दिसते, म्हणजे वजन, पितळ, नक्षी व चकाकी, त्यावर खर्च झाला होता. जे दिसत नाही ते, म्हणजे पाणी, वगळण्यात आले होते. पात्याला नीट पाणी दिले आहे किंवा नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते वापरानंतरच कळते. विकत घेणारा वजनाने व चकाकीने गुण मोजतो हे ज्याला ठाऊक आहे, तो विक्रेता वजन आणि चकाकीच पुरविणार. ‘भारी’ या शब्दाच्या दोन अर्थांमधील गफलत येथे बाजाराच्या उपयोगी पडते, आणि तोटा होतो तो ज्यास एकच चाकू घेणे परवडते त्याचा. श्रीमंताने फसून दुसरा घेतला तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याचे पोट हत्यारावर आहे त्याच्या दृष्टीने मात्र ‘स्वस्त म्हणजे वाईट’ ही समजूत आणि ‘वजनदार म्हणजे चांगले’ ही समजूत, या दोन्ही सारख्याच नुकसानीच्या आहेत. शिवाय बोथट चाकूला जोर अधिक लागतो, तो निसटतो व हात कापतो. म्हणजे हा केवळ पैशाचाही प्रश्न नाही.

नावाचे मोलही असेच फसवे असते. मार्क ट्वेन यांच्या १८७६ मधील ‘टॉम सॉयर’ या कादंबरीत नायकाला साडेबारा सेंट किमतीचा ‘बार्लो’ चाकू बक्षीस मिळतो. मूळ शेफील्डच्या कारागिरांच्या आडनावावरून पडलेले हे नाव स्वस्त व भक्कम चाकूचे द्योतक होऊन अमेरिकेत घरोघर पोहोचले होते. टॉमचा चाकू काहीही कापीत नाही. तरी तो अस्सल ‘बार्लो’ आहे या समाधानात तो मुलगा हरखून जातो. लेखकाचा विनोद मार्मिक आहे. नाव गुणामुळे मोठे होते, आणि मग गुणावाचूनही चालू लागते.

महाग चाकूंत काहीच विशेष नसते, असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्ये असलेली आधुनिक पोलादे धार कितीतरी अधिक काळ धरतात. एका हाताने उघडणाऱ्या, घट्ट बसणाऱ्या सांध्यांना अचूक यंत्रकाम लागते व त्याचा खर्च रास्तच असतो. परंतु अशा पोलादाला धार लावणे साध्या दगडाचे काम नव्हे. साधे पोलाद लवकर बोथट होते, हे खरे. पण ते साध्या दगडावर काही मिनिटांत पुन्हा तीक्ष्णही होते. घरगुती वापरात दुसरा गुण पहिल्या दोषाची भरपाई करतो.

८

चाकू पारखताना काय पाहावे, हे या विवेचनावरून सहज निघते. पाते उघडून आडवे हलवावे. सांध्यात खडखड नसावी. धार उजेडाकडे करून तिच्या रेषेत पाहावे. नीट धार चमकत नाही, जेथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तेथे ती बोथट किंवा तुटकी आहे. दोन्ही बाजूंचे उतार सारखे असावेत. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहावा. तो फाटू नये. धारेमागचे पाते पातळ असावे. आणि पाणी दिसत नाही म्हणून, ज्या कारखान्याची तीच वस्तू पूर्वी कोणी वर्षभर वापरलेली आहे त्याच्याच वस्तूवर विश्वास ठेवावा. वजन तोलून पाहण्याची गरज नाही.

निगेविषयी दोन शब्द. कार्बनयुक्त पात्याला आंबटाचे वावडे असते. कैरी, चिंच, लिंबू व कोकम यांनी ते चटकन काळवंडते. प्रस्तुत लेखकाने कैऱ्या चिरून असे एक पाते रात्रभर तसेच ठेवले, आणि सकाळी त्यावर गंजाचे डाग पडलेले दिसले. काम होताच पाते धुऊन कोरडे करावे व त्यास तेलाचे बोट लावावे. कालांतराने त्यावर जी निळसर-करडी छटा चढते ती गंज नव्हे. ती पात्याचे काही अंशी रक्षणच करते. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नये. ज्यांना एवढी निगा शक्य नाही त्यांनी गंजरोधक पात्याचा प्रकार घ्यावा. किमतीत फारसा फरक पडत नाही.

९

शेवटी पुन्हा शब्दांकडे यावयाचे. वजन, किंमत व गुण यांना एकाच विशेषणात बांधणे ही भाषेची सोय आहे, चूक नव्हे; परंतु ती सोय कोठपर्यंत चालते हे वस्तू हाती घेतल्यावाचून कळत नाही. ओपिनेलचा चाकू वजनाने हलका आहे, किमतीने हलका आहे, आणि प्रतीने हलका नाही. एकाच शब्दाच्या तीन उपयोगांपैकी दोन त्याला लागू पडतात व तिसरा पडत नाही, एवढेच सांगावयाचे होते.

मराठीत या तिसऱ्या गुणासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे, आणि तो कोशापेक्षा कारागिरांच्या तोंडी अधिक जिवंत आहे. पाते भारी आहे की नाही, असे शिकलगार विचारीत नाही. त्याला पाणी आहे की नाही, असे तो विचारतो. दारावर चाक घेऊन येणारे हे लोक आता विरळ होत चालले आहेत. पाण्याचे प्रकार, धारेच्या अवस्था व दगडांच्या जाती यांविषयी त्यांच्यापाशी जे शब्द आहेत, ते बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमोर बसून, एखादे पाते त्यांच्या हाती देऊन, नोंदवून घेतले पाहिजेत. त्यासाठी महाग चाकू नेण्याची आवश्यकता नाही.